समोरचे पान

सुरतेत माझे काका राहतात, आणि खानदेशातल्या माणसाने हे सांगितले तर कुणालाही त्यात नवल वाटत नाही, कारण आमच्याकडे ज्या घरातले कुणी सुरतेला गेलेले नाही असे घर शोधावे लागते. भुसावळहून निघणारी गाडी तापीच्या खोऱ्याने जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत उधन्याला पोहोचते आणि तिच्यातली निम्मी माणसे तिथेच उतरतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. काका तिथे विशीत गेले, काही वर्षे लूमवर उभे राहिले, आणि अक्षर चांगले म्हणून पुढे रिंग रोडवरच्या कापडबाजारात एका पेढीवर मेहताजी झाले. पस्तीस वर्षे त्यांनी लाल बांधणीच्या वह्यांत, ज्यांना तिकडे चोपडे म्हणतात, दुसऱ्यांचा जमाखर्च लिहिला. कतारगाम दरवाजावरून ते हजारो वेळा गेले असतील, पण तिथल्या इंग्रजांच्या कबरस्तानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. मीही लहानपणापासून सुरतेला जात आले असून ते कधी पाहिले नव्हते. या जानेवारीत आम्ही दोघे तिथे गेलो.

जानेवारी मी मुद्दाम निवडला होता. इ.स. १६६४च्या जानेवारीतच शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेच्या बाहेर येऊन उतरले होते. चौथीच्या इतिहासात आम्ही सुरतेविषयी जे शिकलो ते एवढेच होते: शाहिस्तेखानाने तीन वर्षे आपला मुलूख उद्ध्वस्त केला, त्याची भरपाई महाराजांनी बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून केली. ते शिकताना सुरत हे माझ्या लेखी शहर नव्हते. नकाशावरचा तो एक ठिपका होता, जिथे महाराज गेले आणि जिथून परत आले. आता त्या ठिपक्यात माझे काका राहतात हेही मला त्या वयात ठाऊक होते, पण या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

संक्रांतीला आठवडा उरला होता. तिकडे तिला उत्तरायण म्हणतात आणि तिच्या आधी सगळे शहर पतंगाच्या दोरीला लागलेले असते. कतारगाम दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लाकडी खांब रोवून त्यांच्यावर पांढरा दोरा ताणलेला होता, आणि मांजा करणारी माणसे गुलाबी रंगाचा, काचेच्या पुडीचा लगदा मुठीत धरून त्या दोऱ्यावरून मागेपुढे चालत होती. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि तळहात मनगटापर्यंत गुलाबी झाले होते. त्या गजबजाटातच एक भिंत सुरू होते, भिंतीत फाटक आहे, फाटकाशी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा जे दिसते ते कबरस्तान वाटतच नाही. घुमट, कमानी, जाड खांब, वर जायच्या पायऱ्या असे सगळे पाहून आपण एखाद्या नवाबाच्या मकबऱ्यात आलो आहोत असे वाटते. काकांनी चपला काढल्या. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते, पण त्यांच्याकडे पाहून मीही काढल्या.

ही जागा आज शहराच्या पोटात असली तरी ती मुळात वेशीबाहेरची आहे. सुरतेत वखार घालून राहिलेल्या परक्या लोकांना आपले मृत वस्तीच्या बाहेरच ठेवावे लागले. पुढे शहर वाढत गेले आणि त्याने या कबरींना चारी बाजूंनी वेढले. जुन्या शहराभोवतीचा तट त्या काळी मातीचा होता. महाराजांच्या स्वारीनंतर औरंगजेबाच्या हुकमाने तो विटांचा झाला.

या आवारातली सर्वांत मोठी इमारत दोन भावांची आहे. धाकटा ख्रिस्तोफर ऑक्सिंडेन १६५९ साली सुरतेत वारला. थोरला जॉर्ज हा पुढे सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष झाला, १६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर कंपनीच्या वतीने तिचा पहिला गव्हर्नरही तोच झाला, आणि १४ जुलै १६६९ रोजी तोही इथेच वारला. भावाच्या थडग्यावरच त्याच्यासाठी दुमजली घुमट उभा राहिला. जुन्या वर्णनांत त्याची उंची ४० फूट सांगितलेली आहे. लाटिन अक्षरांत जॉर्जच्या पदव्या कोरलेल्या आहेत, हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तान इथल्या इंग्रजांचा अध्यक्ष, मुंबई बेटाचा गव्हर्नर, आणि त्यांत एक गोष्ट मला सर्वांत जवळची वाटली ती ही की या दोघांना भावांमध्ये सर्वांत अधिक भाऊ म्हटले आहे.

धाकट्या भावाचा लेख मात्र वेगळ्याच जातीचा आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद मी आधी वाचला होता आणि मराठीत करून वहीत उतरवून नेला होता. काकांचा चष्मा जुना झालेला, म्हणून मी त्यांना तो वाचून दाखवला. त्याचा आशय असा: इथे ख्रिस्तोफर ऑक्सिंडेन ठेवलेला आहे, जगताना सचोटीचा नमुना, मरताना आयुष्याच्या क्षणभंगुरतेचा. तो आला आणि गेला. आपल्या खात्यात त्याला वर्षे मांडता आली नाहीत, दिवसच तेवढे मांडता आले, कारण मृत्यूने अकस्मात हिशेब मागितला. मालकहो, तुमचा तोटा किती आणि नफा किती, असे विचारता? तुम्ही सेवक गमावला, आम्ही सोबती, त्याने आयुष्य. पण समोरच्या पानावर तो लिहू शकेल, मरण हा मला लाभ आहे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाले, "हे कुणातरी वही लिहिणाऱ्यानेच लिहिलेले आहे. दुसऱ्याला समोरचे पान सुचणारच नाही."

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला त्यांचे काम समजावून सांगितले, जे त्यांनी पस्तीस वर्षांत घरी कुणाला सांगितले नव्हते. वही उघडली की एका हाताला जमा आणि दुसऱ्या हाताला नावे. एकच पान पाहून कुणाचेही खाते कळत नाही. गिऱ्हाईक भांडायला आले की ते नेहमी आपल्या सोयीच्या पानावर बोट ठेवते, आणि मेहताजीने न रागावता त्याला समोरचे पान दाखवायचे असते. वर्षाच्या शेवटी बाकी काढायची, ती नव्या चोपड्यात ओढायची, आणि खाते कायमचे संपले असेल तर खाली दोन रेघा मारायच्या. "याच्या खात्याला भावाने दोन रेघा मारल्या नाहीत बघ," ते म्हणाले. "नोंद उघडी ठेवली."

त्यांच्या या बोलण्याने मला माझ्या येण्याचा अर्थ सापडला, असे मी आज म्हणू शकते. आमच्या मनातली सुरत हे एकच पान होते. त्या पानावरची रक्कम खरी आहे, तिच्याविषयी मला जो अभिमान होता तो आजही आहे. पण तिचा पडताळा ज्या वह्यांत आहे त्या समोरच्या लोकांच्या आहेत, आणि ती माणसे इथे, काकांच्या घरापासून चार मैलांवर, मातीखाली आहेत.

जानेवारी १६६४मध्ये महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाच्या बाहेर पडला होता. त्या दरवाजातून निघणारी वाट तापीच्या बाजूने आमच्याच खानदेशातून वर जाते. सुरतेचा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. त्या वेळी हाच जॉर्ज ऑक्सिंडेन सुवाळीच्या बंदरातल्या जहाजांवरून खलाशी बोलावून, नगारे आणि कर्णे वाजवत, आपली माणसे घेऊन शहरातून फिरला आणि त्याने वखार राखली. वलंदेजांनीही, म्हणजे डचांनीही, आपली राखली. त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले आणि बादशहाने व्यापाऱ्यांना काही काळ जकात माफ केली. आमच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलेले होते आणि त्या ओळीतल्या इंग्रजाला नावही नव्हते. तो नगारे वाजवत फिरत होता तेव्हा त्याचा धाकटा भाऊ साडेचार वर्षांहून अधिक काळ या वेशीबाहेरच्या मातीत होता, ही गोष्ट त्या दगडापुढे उभे राहीपर्यंत माझ्या मनात कधी आली नव्हती.

आणि त्याच दिवसांतली जी गोष्ट आपण महाराजांच्या थोरवीसाठी नेहमी सांगतो, की सगळे शहर हातात असताना त्यांनी ख्रिस्ती पाद्र्यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या, वलंदेजांच्या एका दिवंगत दलालाचे घर सोडून दिले, ती आपल्यापर्यंत बर्निये या फ्रेंच प्रवाशाच्या लेखणीतून आलेली आहे. मला हे फार मोलाचे वाटते. ज्या माणसाला आपले गुणगान करण्याचे काहीही कारण नव्हते त्याने केलेली नोंद आपल्या दहा पोवाड्यांइतकी वजनदार असते, आणि ती वाचायची तर आपल्याला त्याच्या वहीपर्यंत चालत जावे लागते.

याच ऑक्सिंडेन घराण्याचा आणखी एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. जॉर्जचा पुतण्या हेन्री १६७४च्या उन्हाळ्यात कंपनीचा वकील म्हणून, नारायण शेणवी या दुभाष्याला बरोबर घेऊन, रायगडावर गेला होता. जूनमध्ये झालेला राज्याभिषेक त्याने स्वतः पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवला. राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती उभे पाहून, एवढ्या बिकट वाटेने ते गडावर आलेच कसे, याचा त्याला अचंबा वाटला. हत्तींची ती गोष्ट मराठी घरांत लहान मुलांना सांगितली जाते. ती सांगताना मी तरी आजवर कधी म्हटले नव्हते की हे पाहणारा डोळा, सुरतेत आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पुतण्याचा होता. यापुढे सांगताना मी ते म्हणेन.

इतर कबरींविषयी मी थोडक्यात लिहिते. १६४९ साली वारलेल्या फ्रान्सिस ब्रेटन या अध्यक्षाची कबर इथल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे. ज्याला मुंबई शहराचा खरा पाया घालणारा म्हणतात तो जेराल्ड ऑंजिएही १६७७च्या जूनमध्ये सुरतेतच वारला. ज्या मुंबईत आपण आज नोकऱ्या शोधतो तिचे पहिले दोन्ही कारभारी या तापीकाठी संपले. बाकीच्या अनेक घुमट्यांवर नावच उरलेले नाही. चुना सुटून विटा उघड्या पडल्या आहेत, भेगांतून पिंपळ उगवले आहेत, आणि माणसाचा हात पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत प्रत्येक भिंतीवर खिळ्याने कोरलेली प्रेमिकांची नावे आहेत. मला ती नावे पाहून वाईट वाटले. काकांना त्याहून अधिक वाईट याचे वाटले की एका कमानीवर अगदी ताज्या रंगाने कुणीतरी आपला मोबाइल क्रमांक लिहिला होता.

तिथून जवळच वलंदेजांचे आणि आर्मेनियन लोकांचे कबरस्तान आहे. वलंदेज हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण तो आपला आहे. आज्ञापत्रात टोपीकरांची जी नावे येतात त्यांत इंग्रज, फिरंगी आणि फरासीस यांच्या जोडीने ते आहेत, आणि त्यांचा व्यापार हा नुसता व्यापार नसतो, त्यांच्या पाठीशी राज्य असते, हा सावधपणाचा इशाराही तिथेच आहे. रिक्षावाल्याला मात्र हा शब्द वापरून उपयोग झाला नाही. तो आम्हाला आधी नानपुऱ्याकडच्या डच बागेकडे घेऊन निघाला होता आणि वाटेत विचारपूस करून परत वळला.

आर्मेनियन थडगी जमिनीलगत, सपाट, एकमेकांना खेटून ठेवलेली आहेत. त्यांच्यावरची अक्षरे मला वाचता आली नाहीत, पण ती कोरणाऱ्याचा हात स्थिर होता एवढे कळले. वलंदेजांचा मुख्य मकबरा मात्र डोळ्यांत मावत नाही. दुमजली, खांबांच्या सज्ज्यांनी वेढलेला, मोठ्या घुमटाचा. इंग्रजांच्या इमारतीला मागे टाकण्यासाठीच तो एवढा बांधला असे सांगतात. तो हेंड्रिक आद्रियान व्हान रेड या माणसाचा आहे. मलबारचा वलंदेज गव्हर्नर म्हणून तो १६७० पासून १६७७ पर्यंत कोचीनला होता. पुढे स्वतःच्याच कंपनीतला भ्रष्टाचार शोधून काढण्यासाठी त्याला पूर्वेकडे परत पाठवण्यात आले, आणि त्याच कामावर कोचीनहून सुरतेला येताना, डिसेंबर १६९१मध्ये, मुंबईच्या समुद्रात जहाजावर त्याचा अंत झाला. सुरतेला त्याचे प्रेतच पोहोचले.

या मकबऱ्याशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. व्हान रेडने मलबारच्या वनस्पतींवर जो ग्रंथ करवून घेतला, हॉर्टस मलाबारिकस, तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्याचा शेवटचा खंड निघाला तेव्हा तो या घुमटाखाली होता. त्या ग्रंथात ७४२ वनस्पती आहेत, आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींना नावे ठेवताना त्याचा आधार घेतला. पण मला खिळवून ठेवणारी गोष्ट पहिल्या खंडाच्या सुरुवातीला आहे. ज्यांच्याकडून ही माहिती मिळाली त्यांच्या ग्वाह्या तिथे त्यांच्याच लिपीत छापलेल्या आहेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची एक, आणि दुसरी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोचीनच्या तिघा कोंकणी ब्राह्मणांची, १६७५ सालची, कोंकणी भाषेत आणि देवनागरी अक्षरांत. गोव्यातून पोर्तुगिजांच्या जाचामुळे घरदार सोडून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसे होती. ग्रंथातल्या चित्रांवरही वनस्पतींची कोंकणी नावे देवनागरीत दिलेली आहेत. आपली लिपी छापील कागदावर उमटल्याची जी अगदी आरंभीची उदाहरणे आहेत त्यांत हे एक आहे.

मी त्या पानाचे चित्र पूर्वी पाहिलेले आहे. अक्षरे थोडी वेडीवाकडी आहेत, कारण तांब्याच्या पत्र्यावर ती कोरणाऱ्याला ती वाचता येत नसणार, पण ओळखू येतात. महाराजांचा राज्याभिषेक होऊन वर्षच झाले होते तेव्हा हे तिघे आपली अक्षरे लिहून देत होते. पुढे ती समुद्र ओलांडून आम्स्टरडॅमच्या छापखान्यात गेली, आणि ती जपून नेणारा माणूस इथे, खानदेशी मजुरांच्या या शहरात, हिऱ्यांच्या कारखान्यांच्या शेजारी पडून आहे. पाद्र्यांची गोष्ट फ्रेंच वहीत, राज्याभिषेक इंग्रजांच्या रोजनिशीत, आणि आपल्या वैद्यांची नावे वलंदेजाच्या ग्रंथात. आपल्या खात्यातल्या तीन मोठ्या रकमा परक्यांनी सांभाळल्या, आणि त्या परक्यांच्या थडग्यांवर आपण फोन क्रमांक रंगवतो. हे मी सुरतेच्या लोकांना उद्देशून म्हणत नाही. गडावरच्या तोफांवर आणि समाध्यांवर आपण काय लिहून ठेवतो ते मी पाहिलेले आहे.

वलंदेजांच्या घुमटाच्या खांबाला गुलाबी मांजा अडकला होता. एक नऊदहा वर्षांचा मुलगा सज्ज्याच्या कठड्याला टेकून तो हळूहळू सोडवत होता, तुटू नये म्हणून दोरा बोटांवर आठच्या आकड्यात गुंडाळत होता. काकांनी त्याला अहिराणीत विचारले, कुठला रे तू? तो नंदुरबारचा निघाला. इथे कोण पुरलेले आहे हे ठाऊक आहे का, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "राजा." मी त्याला व्हान रेडची गोष्ट सांगितली, झाडांची नावे गोळा करणारा माणूस म्हणून. त्याने मन लावून ऐकली आणि मग आवारातल्या एका झाडाकडे बोट दाखवून विचारले की याचे नाव त्याच्या पुस्तकात असेल का. ते कडुनिंबाचे झाड होते. बघून सांगते, असे मी त्याला म्हटले आहे आणि मला ते बघायचे आहे.

परत येताना काकांनी वाटेत पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, फक्त तिकडे तो शेव आणि लिंबू घालून खातात. घरी आल्यावर तो ताटलीत तसाच ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि एक लाल चोपडा घेऊन आले. पेढीवरचा नव्हता, घरचा होता. काकू होत्या तोवर रोजचा खर्च त्या तोंडी सांगत आणि हे लिहीत: दूध, रॉकेल, शाळेची फी, गावी पाठवलेले पैसे. काकू गेल्या त्या दिवसाच्या आदल्या तारखेपाशी नोंदी थांबल्या होत्या. त्यांच्या अस्थी अश्विनीकुमारच्या घाटावरून तापीत सोडल्या तेव्हा मी बरोबर होते. आमच्यात थडगे नसते, त्यामुळे जायचे कुठे हा प्रश्न असतो, आणि काका कधी कधी संध्याकाळी पुलावर जाऊन उभे राहतात, हे मला त्या दिवशी कळले.

त्यांनी माझी वही मागून घेतली आणि चष्मा पुसला. शेवटच्या नोंदीसमोरचे पान कोरे होते.

"सोबती," ते म्हणाले, "हा शब्द त्यातलाच आहे, की तू घातलास?"

त्यातलाच आहे, असे मी सांगितले. मग त्यांनी मेहताजीच्या त्या सरळ, टपोऱ्या अक्षरात तेवढेच तीन शब्द लिहून घेतले, आम्ही सोबती गमावला, आणि खाली तारीख घातली.